सतरावा धागा

जुन्या रेडिओच्या तोंडावरचं कापड लोकांना शोभेचं वाटतं. तसं नसतं. त्याला एकमेकांशी न पटणारी दोन कामं करावी लागतात. बाहेरची धूळ आत येऊ द्यायची नाही आणि आतला आवाज अडवायचा नाही. कापड घट्ट विणीचं असलं की आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा होतो. विरळ असलं की दोन वर्षांत स्पीकरच्या कागदावर धुळीचा थर बसतो आणि तो खरखरायला लागतो. मी नवीन कापड आणलं की आधी ते तोंडासमोर ताणून धरतो आणि पलीकडे लावलेल्या मेणबत्तीवर फुंकर मारतो. मेणबत्ती विझली तर कापड पास.

एकतीस वर्षं मी ध्वनिमुद्रण केंद्रात तंत्रज्ञ होतो. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करू लागलो. लग्न केलं नाही. चार वर्षांपूर्वी मेहुणे गेले, तेव्हापासून अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याकडे राहते. तिने आयुष्यभर विणकाम शाळेत शिकवलं. त्यामुळे आमच्यात कामाची वाटणी आपोआप झाली. आवाज माझ्याकडे, कापड तिच्याकडे. भांडणं दोघांकडे, असं ती म्हणते.

गेल्या दोन महिन्यांपासून ती मला अधूनमधून एकच वाक्य ऐकवत होती. "धाकट्या, आपल्याला एकदा नीट बसून बोलायचंय."

"हे काम उरकू दे," मी म्हणायचो.

ती काय बोलणार हे मला माहीत होतं. माझी भाची दुसऱ्या शहरात असते, तिला मूल झालं होतं, आणि आजीला तिकडे बोलावणं सुरू होतं. हातातलं काम मी कधी उरकू दिलं नाही.

अशात एका सोमवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टरबाई आल्या. दाताच्या डॉक्टर. पन्नाशीच्या असाव्यात. त्यांच्यामागून दोन हमालांनी एक लाकडी कॅबिनेट आत आणून ठेवलं. कमरेइतकं उंच, वरच्या झाकणाखाली स्पूलचा टेपरेकॉर्डर, खाली मोठा स्पीकर. लाकूड सुरेख राखलेलं होतं. फक्त स्पीकरसमोरच्या चौकटीत कापड नव्हतं. आतला काळा कागदी कोन उघडा पडला होता, डोळ्याच्या खोबणीसारखा.

मी वाकून चौकट पाहिली. तीन बाजूंनी कापड पात्याने सरळ कापलं होतं. चौथ्या बाजूला धीर संपला असावा. तिथे ते ओढून फाडलं होतं आणि पट्टीखाली बोटभर चिंधी उरली होती.

"कुणी काढलं हे?"

"भावाने."

"दुरुस्तीसाठी?"

"नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किडका दात उपटायचा की ठेवायचा हे ठरवताना पाहत असतील तसं. "मला तेच कापड हवंय. तसलं नको. तेच."

"चाळीस वर्षांपूर्वीचं असेल हे, डॉक्टरबाई. जवळपासचं काहीतरी मिळेल."

"जवळपासचं दोनदा लावून पाहिलं. उपयोग झाला नाही."

"का? आवाज दबतो?"

"उलट," त्या म्हणाल्या आणि घड्याळाकडे पाहिलं.

जाताना त्यांनी टेपची एक स्पूल ठेवली. "काम झाल्यावर हीच लावून बघू. तोवर तुम्ही ऐकायची गरज नाही."

आता मशीन दुरुस्त करायचं आणि टेप ऐकायची नाही, हे कसं जमणार? दुपारी मी हेड साफ केले, पट्टा बदलला आणि स्पूल लावली. एक बैठकीची खोली ऐकू आली. मागे भिंतीवरचं घड्याळ, कपबशीत चमचा ठेवल्याचा आवाज. मग एक पुरुष बोलू लागला. हळू, समजुतीच्या सुरात.

"आज आईकडे कोण आलं होतं?"

"कोणी नाही," एक लहान मुलगी म्हणाली.

"नीट आठव."

"मावशी."

"मावशी काय म्हणाली?"

मुलीने सांगितलं. मावशी आईला म्हणाली होती की तू माझ्याकडे निघून ये.

"आणि आई काय म्हणाली?"

घड्याळाचे सात ठोके मी मोजले.

"शहाणी मुलगी ना तू?"

मग तिने तेही सांगितलं. मी टेप थांबवली. अक्का दाराशी उभी होती.

"कोण हा? पोरीची उलटतपासणी घेतोय."

"डॉक्टरबाईंचे वडील असावेत."

"आवाज गोड आहे," अक्का म्हणाली. "गोड आवाजाच्या माणसाकडे मी नेहमी दोनदा बघते."

पट्टीखालची चिंधी मी चिमट्याने काढून तिला दिली. तिने खिडकीत बसून भिंगाखाली ती तासभर पाहिली. उभे धागे सुती, दुपेडी. आडव्या धाग्यांत तपकिरी आणि फिकट सोनेरी. "पण दर सतरावा धागा वेगळाच आहे," ती म्हणाली. "काळा नाही, करडा नाही. सूत नाही, रेशीम नाही, ताग नाही. चाळीस वर्षं मुलींना धागे ओळखायला शिकवलं मी. हा मला ओळखू येत नाही."

तिला न ओळखता येणारी वस्तू घरात असली की तिचं जेवणात लक्ष लागत नाही. त्या दिवशीही लागलं नाही.

पुढचे तीन आठवडे मी कापड शोधत हिंडलो. जुन्या सामानाच्या बाजारात पाहिलं. पडदेवाल्यांकडे, सोफेवाल्यांकडे कापडाची ठाणं उलगडून पाहिली. माझ्यासारखे जुनी यंत्रं जपणारे आठ-दहा जण ओळखीचे आहेत, त्यांना फोटो पाठवले. सगळ्यांनी प्रेमाने काहीबाही पाठवून दिलं. एकाने गोणपाट पाठवलं. अक्का प्रत्येक तुकडा भिंगाखाली धरायची आणि बाजूला टाकायची.

शेवटी एका म्हाताऱ्या सुताराने, ज्याने उमेदीच्या काळात अशी कॅबिनेटं बनवली होती, एका दुकानाचा पत्ता दिला. देताना तो म्हणाला, "माल चांगला असतो त्याच्याकडे. मी मात्र दोनदाच घेतला."

"का?"

"असंच," तो म्हणाला आणि रंधा उचलला.

दुकान एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली यंत्रं धडधडत होती आणि त्यांच्या तालावर वरची जमीन हलत होती. लांबट खोली, दोन्ही बाजूंना फळ्या, त्यावर कापडाचे तागे. दुकानदार सत्तरीचा, स्वच्छ दाढी केलेला, बाह्या दुमडलेला. मी चिंधी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती हातात घेतली नाही. नुसती पाहिली, आणि शिडी लावून सगळ्यात वरच्या फळीवरून एक तागा काढून आणला.

तेच होतं. मी खिशातून भिंग काढून धागे मोजले. सतरावा धागा होता.

"किती हवं?" असं तो विचारेल म्हणून मी चौकटीचं माप लिहिलेला कागद पुढे केला. तो म्हणाला, "घरात किती जण?"

"कुणाच्या?"

"तुमच्या."

"मी आणि माझी बहीण. पण हे गिऱ्हाईकाचं काम आहे."

"गिऱ्हाईक एकटं आहे?"

"माहीत नाही. का?"

त्याने ताग्याची कड बोटाने सरळ केली. "एकट्या माणसाला मी बिनघोर देतो," तो म्हणाला. "कापून उरेल ते परत आणून द्या. सगळं. घरी ठेवू नका."

उरलेला माल परत मागणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. मला वाटलं, चोरीचा माल असेल. किंवा नग मोजके उरले असतील आणि म्हाताऱ्याचा जीव अडकला असेल. त्याने मापावर खूण केली, कडेला कात्रीने एक काप दिला आणि दोन्ही हातांनी कापड टरकन फाडलं.

टरकन म्हणायची सवय, म्हणून लिहिलं. आवाज झाला नाही. त्याचे हात दोन दिशांना गेले आणि कापड मधून दुभंगलं, काचेपलीकडे कुणी फाडावं तसं. खाली छापखाना धडधडत होता, त्यात ऐकू आलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्याच वेळी त्याने कात्री लाकडी फळीवर ठेवली, त्याचा टक्क आवाज मला स्पष्ट ऐकू आला होता.

घरी आल्यावर मी कापड टेबलावर पसरलं. मेणबत्ती लावली, फुंकर मारली. विझली. कापड पास. मग चौकटीच्या मापाने कापायला घेतलं. मला कापडाची कात्री ओळखीची आहे, पाती एकमेकांवर घासताना कुर्रकुर्र करते. या कापडातून ती पाण्यातून जावी तशी गेली. मी कात्री हवेत चालवली. कुर्रकुर्र. पुन्हा कापडावर चालवली.

काही नाही.

"अक्का, इकडे ये जरा."

ती आली, तिनेही कापून पाहिलं. मग कापड कानाजवळ नेऊन दोन बोटांत चुरगाळलं. तिच्या चेहऱ्यावर शाळेतल्या एखाद्या मुलीला खोटं बोलताना पकडल्यासारखा भाव आला.

"हे लावू नकोस," ती म्हणाली.

"का?"

"का ते कळलं असतं तर 'लावू नकोस' कशाला म्हटलं असतं?"

मी लावलं. सरस लावून, चारी कडा ताणून, वरून लाकडी पट्टी. अप्रतिम दिसत होतं. उरलेला दीड हाताचा तुकडा मी खणात ठेवला.

डॉक्टरबाई शुक्रवारी दुपारी आल्या. बसल्या नाहीत. स्पूल माझ्या कपाटात कुलपात होती, ती मी त्यांच्यासमोर काढली आणि लावली.

घड्याळ वाजू लागलं. चमचा कपबशीत टेकला. मग शांतता.

"कोणी नाही," मुलगी म्हणाली.

शांतता.

"मावशी."

मी आवाज वाढवला. घड्याळाची टिकटिक खोलीभर झाली. कुठेतरी खुर्ची करकरली, ते ऐकू आलं. मुलगी थांबत थांबत बोलत होती, कुणी काही न विचारता. मधली शांतता टेप पुसल्यावर होते तशी मुकी नव्हती. तिच्यात घड्याळ चालू होतं. फक्त तो माणूस नव्हता.

मी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. त्यांचे खांदे, आल्यापासून कानापर्यंत चढलेले, हळूहळू खाली आले.

"हेच," त्या म्हणाल्या.

"टेपमध्ये बिघाड आहे," मी म्हणालो. "मी आधी ऐकली तेव्हा यात..."

"ऐकू नका म्हटलं होतं मी."

मी टेप थांबवली. मग त्याच म्हणाल्या, "बाबा गेल्यावर आई रोज दुपारी ऐकायची. या कापडातून. मी लहानपणी काय काय बोलले, एवढंच तिला ऐकायचं असायचं. ती गेल्यावर भावाला वाटलं, बाबांचा आवाज ऐकावा. त्याने कापड काढलं."

"मग?"

"त्याने ऐकला," त्या म्हणाल्या. "त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही."

हमाल कॅबिनेट उचलून निघाले. दारात मी विचारलं, "घरी आणखी कोण असतं?"

"मी एकटीच," त्या म्हणाल्या. "दुकानदारानेही हेच विचारलं असेल."

म्हणजे त्यांना दुकान माहीत होतं. मग तीन आठवडे मला का हिंडवलं? मला वाटलं, दुकानदाराने त्यांना परत कापड द्यायला नकार दिला असेल. की ते माझ्या हातून घरात यायला हवं होतं? मी विचारायच्या आत त्या रस्त्यावर पोचल्या होत्या.

माणसाला एकदा संशय आला की तो हातातली सगळी हत्यारं काढतो. मी उरलेला तुकडा खिळे मारून एका चौकटीवर ताणला आणि चाचणीच्या स्पीकरसमोर उभा केला. यंत्रातून अगदी खालच्या सुरापासून कानाला लागणार नाही इतक्या वरच्या सुरापर्यंत एकेक सूर सोडला. समोर मायक्रोफोन, त्याला मीटर. कापड असताना आणि नसताना काट्यात केसाचा फरक नाही. केंद्रातल्या जुन्या टेपा लावल्या. व्याख्यानं, गाणी, शेतीविषयक सल्ला, एका मंत्र्याचं कंटाळवाणं भाषण. सगळं कापडातून स्वच्छ आलं. मंत्र्याला अडवेल असं कापड अजून विणलं जायचंय.

बरं वाटलं. म्हणजे बिघाड त्या टेपेत होता, किंवा डॉक्टरबाईंच्या मशीनमध्ये. शेवटची एक चाचणी म्हणून मी अक्काला हाक मारली आणि तिच्यापुढे मायक्रोफोन ठेवला.

"काय बोलू?"

"काहीही बोल. आवाज हवा फक्त."

तिने मायक्रोफोनकडे पाहिलं. पदराला हात पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "धाकट्या, मी पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला मुलीकडे राहायला जातेय. कायमची. तिकीट काढलंय. तुला सांगायला दोन महिने लागले, कारण तू ऐकूनच घेत नाहीस. तू एकटा पडशील याचं मला वाईट वाटतं. पण मला जायचंय."

टेप फिरत होती.

"आवाजाची पातळी बरोबर आहे," मी म्हणालो.

ती थोडा वेळ बसली. मग उठून आत गेली.

मी टेप मागे घेतली आणि कापडातून लावली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. रस्त्यावरून गेलेली मोटार आली. स्वयंपाकघरातला गळका नळ, ठिप ठिप, तोही आला. एवढंच. शेवटी माझाच आवाज म्हणाला, "आवाजाची पातळी बरोबर आहे."

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगायला हवं. भीती नंतर वाटली. आधी एक क्षणभर हायसं वाटलं.

"आला का आवाज?" अक्काने आतून विचारलं.

"आला," मी म्हणालो. "स्वच्छ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तुकडा चौकटीवरून उतरवला आणि गुंडाळून दुकानात नेला. दुकानदाराने तो फळीवर पसरला आणि वीत लावून मोजला. पुन्हा मोजला.

"चार बोटं कमी आहे."

"शक्य नाही. मी काही कापलेलं नाही."

"तुम्ही नसेल," तो म्हणाला. कोपऱ्यात एक चौकोन नीट कापून काढलेला होता. मला तो दिसला नव्हता. कात्रीचा आवाज आला नसताना दिसणार तरी कसा?

"घरी जा," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्याची गाडी सुटली हे सांगताना माणसं ज्या सुरात बोलतात, त्या सुरात तो बोलला.

अक्काची एक जाडजूड वही आहे. तिच्यात तिने आयुष्यभर कापडांचे नमुने चिकटवले आहेत, प्रत्येकाखाली माहिती. मी घरी पोचलो तेव्हा ती वही मांडीवर घेऊन बसली होती. शेवटच्या पानावर चार बोटांचा चौकोन होता. खाली तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'सतरावा धागा ओळखता आला नाही.' चौकोनाच्या कडा मात्र पानाला चिकटलेल्या नव्हत्या. तो काढून पुन्हा ठेवलेला दिसत होता.

"हे कधी कापलंस?"

"परवा. नमुना नको का ठेवायला?"

"काढलं होतंस कशाला?"

ती पान पुसत राहिली. "तू बाहेर असताना तुझी एक टेप लावली मी. लहान रेडिओच्या तोंडावर हा तुकडा धरून. म्हटलं, बघू तुझा आवाज येतो का."

"मग?"

"आला की," अक्का म्हणाली. तिने मान वर केली नाही. "स्वच्छ."

मी तिच्याजवळ बसायला हवं होतं. पाच तारखेबद्दल विचारायला हवं होतं. जा म्हणायला हवं होतं, किंवा राहा तरी. मी हात पुढे केला, तिने तुकडा माझ्या हातावर ठेवला, आणि मी त्याच पावली परत जाऊन तो दुकानदाराला देऊन आलो. या वेळी त्याने मोजला आणि मान हलवली. माप बरोबर होतं. तरी दारापर्यंत तो माझ्याबरोबर आला. आधी आला नव्हता.

आता घरात त्या कापडाचा धागाही नव्हता. मी अक्काची टेप पुन्हा लावली. स्पीकरसमोर काही नव्हतं, उघडा कोन होता.

खुर्ची. मोटार. नळ.

मीटरचा काटा हलत होता. एकेका शब्दासरशी उठत होता, वाक्य संपलं की पडत होता. तिकीट काढलंय, एवढं म्हणायला जितका वेळ लागतो तितका वेळ तो उठलेला राहिला.

मी टेप दुसऱ्या मशीनवर लावली. तिसऱ्यावर लावली. कानावर हेडफोन चढवले.

दुपारी मी 'देऊन आलो' म्हणालो आणि संध्याकाळी जेवताना मीठ मागितलं, बाकी आम्ही बोललो नाही. न बोलता जेवायची आम्हाला सवय आहे. तिने ताट पुढे सरकवलं, मी पाणी ओतलं. सकाळीही तसंच. मी कामाला बसलो. मायक्रोफोन चाचणीच्या दिवसापासून चालूच राहिला होता. मी एका रेडिओचं मागचं झाकण उघडलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. नळ ठिबकत होता.

काटा हलत होता.

घंटी थांबली. काटा थांबला नाही. उठत होता, पडत होता, पुन्हा उठत होता. खोली शांत होती.

मी मागे वळलो.

अक्का दारात उभी होती. ती बोलत होती. हात हलवून, भुवया उंचावून, नेहमीसारखी. किती वेळ बोलत होती कुणास ठाऊक. तिचा पाय चौकटीला लागला, तो आवाज आला.

"अक्का," मी म्हणालो, "मला तुझं ऐकू येत नाहीये."

ती थांबली. माझ्या डोळ्यांकडे पाहायचं सोडून ती माझ्या तोंडाकडे पाहू लागली.

मी पुन्हा म्हणालो. मोठ्याने. रस्त्यावरचा एक माणूस खिडकीतून आत डोकावून गेला.

अक्का जवळ आली. टेबलावरची पेन्सिल उचलली, माझी कामाची वही ओढली आणि कोऱ्या पानावर आपल्या गोल अक्षरात लिहू लागली. पेन्सिलची करकर मला नीट ऐकू येत होती. लिहून झाल्यावर तिने वही माझ्याकडे वळवली.

'काल दुपारपासून तू नुसते ओठ हलवतोयस. रागावला असशील तर रागाव, पण मोठ्याने.'